मिरचीचा ठसका

शिक्षणाधिकाऱ्यांपुढच्या सुनावणीला मालूबाई पिशवी छातीशी धरून उभी होती. 'घर शाळेपासून एक किलोमीटरच्या बाहेर' असं कारण देऊन शाळेचे चेअरमन दादासाहेब इंगवल्यांनी तिच्या मुलीचा, तेजूचा मोफत प्रवेश नाकारला होता. तिच्या पिशवीत त्यांचीच एक जुनी नोटीस होती. ती दाखवावी तर घरातलं मिरची-कांडप बंद पडणार, आणि पोट तर त्याच्यावरच.

"घर लांब आहे, विषय संपला," दादासाहेब मिशीवरून हात फिरवत शिक्षणाधिकाऱ्यांना म्हणाले.

मालूबाईनं डोळे मिटून नोटीस पुढं सरकवली. अधिकाऱ्यांनी ती मोठ्यानं वाचली. "शाळेलगतच्या आपल्या घरातील कांडपामुळे विद्यार्थी दिवसभर शिंकतात. ते आठ दिवसांत बंद करावे. सही, चेअरमन."

"साहेब," मालूबाई म्हणाली, "घर लांब असेल, तर ही नोटीस फाडा. लगत असेल, तर मी कांडप बंद करते, पण पोरीला घ्या. माझ्या मिरचीचा ठसका तुमच्या वर्गात पोचतो, मग माझी तेजूच कशी पोचत नाही?"

दादासाहेब बोलायला गेले आणि त्यांनाच ठसका लागला. अधिकाऱ्यांनी पाण्याचा पेला त्यांच्याकडं सरकवला आणि प्रवेशाचा कागद मालूबाईकडं.