ओल्या फळीवरचं फायबर

ही गोष्ट फार जुनी नाही, कारण फार जुन्या काळी होड्या लाकडाच्या असत, फायबरच्या नव्हे. खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका गावात होड्या दुरुस्त करणारा एक कारागीर राहत होता. हातात कसब होतं, पण स्वभाव महाभिडस्त. समोरच्याला नाही म्हणायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. लोक त्याला देवमाणूस म्हणत, आणि त्यालाही ते ऐकायला आवडायचं.

गावात एक रीत होती. दुरुस्ती झाली की कारागिरानं होडीवर हाताची थाप मारायची. थाप पडल्याशिवाय कुणी होडी पाण्यात लोटत नसे.

नारळी पौर्णिमेच्या तीन दिवस आधी एक मच्छीमार आपली छोटी होडी घेऊन आला. होडीच्या मागच्या फळीवर इंजीन टांगतात, त्या फळीला बारीक चीर गेली होती. कारागिरानं हातोडीनं ठोकून पाहिलं. खणखणीत आवाज यायला हवा होता, तिथं बद्द आवाज आला. त्यानं एक भोक पाडलं, तर आतून काळं पाणी ठिबकलं.

"आतलं प्लायवूड कुजलंय रे," तो म्हणाला. "सगळं काढावं लागेल. नवं प्लायवूड घालायचं, ते कोरडं ठणठणीत हवं. मग वर विणलेल्या जाड फायबरचे चार थर. दहा दिवस तरी जातील."

मच्छीमाराचा चेहरा पडला. "दादा, पौर्णिमेला सगळ्यांच्या होड्या जाणार आणि माझीच तेवढी काठावर? वरून फायबरच्या पातळ मॅटचे दोन थर मारून दे ना. तू मनावर घेतलंस तर काय होत नाही!"

ओल्या लाकडाला फायबर धरत नाही, हे कारागिराला पक्कं ठाऊक होतं. वरची पातळ मॅट इंजिनाचा ओढा सोसणार नव्हती. तसं सांगायला त्यानं तोंड उघडलंही. पण मच्छीमार आशेनं बघत होता, आणि भीड आडवी आली.

"बरं," तो म्हणाला. "पण जरा सांभाळून चालव."

अर्धं सांगायचं आणि सगळं सांगितल्याचं समाधान मानायचं, ही खोड आपल्यापैकी पुष्कळांना असते.

त्यानं मॅट लावली, ती चिकटवणारं रेझिन चोपडलं, घासून वर निळा रंग दिला. फळी नव्यासारखी चमकू लागली. पौर्णिमेच्या सकाळी मच्छीमार हसत म्हणाला, "दादा, थाप!" कारागिराचा हात क्षणभर अडला. मग त्यानं हळूच थाप मारली आणि होडी पाण्यात गेली.

समुद्र अजून पुरता शांत झाला नव्हता. खाडीचं तोंड ओलांडताना मच्छीमारानं इंजिनाचा जोर वाढवला. त्याबरोबर मागची फळी इंजिनासकट उखडली आणि लाट सरळ आत शिरली. बाकीच्या होड्या वळून येईपर्यंत पाण्यावर उलटी होडीच तेवढी उरली होती. मच्छीमाराचा मृतदेह तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला.

गावानं समुद्राला दोष दिला. कारागिराला कुणी काही विचारलं नाही. त्याला मात्र अन्न गोड लागेना. दिवसकार्य उरकल्यावर मच्छीमाराची बायको कारागिराच्या शेडमध्ये आली.

"दादा, काठावर आणलेल्या होडीला काळं, कुजकं लाकूड चिकटलेलं दिसलं. फळी आतून कुजली होती, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

खोटं बोलला असता तरी कुणाला कळलं नसतं. पण त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "होतं."

"मग नाही का म्हटलं नाहीत?"

"त्याला वाईट वाटलं असतं गं. रागावला असता माझ्यावर."



"रागावले असते," ती म्हणाली. "पण रागावून घरी तरी बसले असते."

एवढं बोलून ती निघून गेली.

तात्पर्य: धोका दिसत असताना भिडेपोटी दिलेला होकार समोरच्याच्या जिवावर बेततो.