हौसाचा झिरा

नांदूरखेड्याच्या नदीत उन्हाळ्यात पाण्याचा थेंब नसतो; पाहुण्याने खुशाल चालत पलीकडे जावे. पण पात्राच्या मधोमध वाळूतून एका रांजणाचा जाड काठ वर आलेला दिसतो. डोकावले की त्याखाली दुसरा रांजण, त्याखाली तिसरा, आणि तळाला काळेभोर थंड पाणी. यातल्या एकाही रांजणाला बूड नाही. ते का, हे गावचे गुरवतात्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, ऐकणाऱ्याला घाई असली तरी.

पूर्वी इथे लिंबाजी नावाचा कुंभार होता म्हणे. कुणी त्याला निंबाजी म्हणतात. नदीकाठी त्याचे एकटे घर. घरात तो आणि त्याची बायको हौसा. मूलबाळ नव्हते. आता रांजण घडवणे हे काही एकट्याचे काम नव्हे. चाकावरून उतरतो तो नुसता जाड, बुडाशी उघडा. मग आतून दगडी गोळा धरायचा, बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत ठोकत त्याला पोट आणायचे आणि बूड मिटवायचे. ते हौसाचे काम. चाकावरून माल उतरला की लिंबाजी हाक मारी, "हौसा, घे गं." ती आतून म्हणे, "आणा." दोघांचे बोलणे एवढेच, पण ते दिवसातून वीसदा होई. हौसाच्या हातचा रांजण बाजारात कुणी टिचकी मारून पाहत नसे, असे सांगतात.

एका आश्विनात हौसा तापाने गेली. तेरावा झाला आणि लिंबाजी चाकावर बसला. पहिला रांजण उतरवून सवयीने हाक मारली, "हौसा, घे गं." आतून काही आले नाही. त्याने तो सावलीत ठेवला आणि दुसरा घेतला.

पाटलांनी समजूत घातली, "शेजारच्या गावची कुंभारीण येईल थापटायला. माल तरी पुरा होऊ दे."

"न्हाई पाटील. खुंटीवरचं थापटणं तिचं हाय."

"अरं, मग तूच थापट की."

"मी थापटायला बसलो तर हाक कुणाला मारू?"

पाटील उठून घरी गेले.

उघड्या बुडाचे रांजण वाळत गेले. हाताने घडवलेले मोडवेना, म्हणून त्याने ते तसेच भट्टीत लावून भाजले. एकदा गाढवावर घालून बाजारातही नेले. लोकांनी टिंगल केली, "कुंभारदादा, बूड घरी इसरलास व्हय?" तो रांजण घेऊन परत आला आणि पुन्हा बाजाराला गेला नाही. गाव त्याला टाळून दुरून जाऊ लागले. लिंबाजीला त्याचे काही वाटत नव्हते. त्याला खात होते ते वेगळेच. पोटी पोर नाही. हौसाचे नाव घेणारे तोंड गावात एकच, त्याचे स्वतःचे. ते मिटले की हौसा कुणी होती हेही उरायचे नाही. म्हणून तो रोज चाक फिरवी आणि रोज हाक मारी.

पुढच्या साली पाऊस रुसला. विहिरी आटल्या. बायका नदीत वाळू उकरून झिरे करू लागल्या, पण सकाळचा झिरा दुपारी बुजे. एके दिवशी पाटलांची नवी सून खाली उतरून उकरत असताना कडा ढासळली. छातीपर्यंत गाडली गेली पोर. चौघांनी ओढून काढली म्हणून वाचली.

ओरडा लिंबाजीच्या कानी गेला. तो घरामागे गेला, गाढवावर रांजण लादले आणि पात्रात उतरला. उकरलेल्या खड्ड्यात त्याने एक रांजण बसवला, त्याच्या काठावर दुसरा. एकाचा काठ दुसऱ्याच्या उघड्या बुडात चपखल बसला. वाळू बाहेरच राहिली. थोड्या वेळाने तळाशी पाणी वर आले. ज्यांनी टिंगल केली होती, त्यांना मान वर करवेना.

पाटील म्हणाले, "लिंबाजी, माग काय मागायचं ते."

"पानी समद्यांचं. निस्तं घागर सोडायच्या आदी तिला हाक मारा."

पाटलांच्या सुनेने हौसाला कधी पाहिलेही नव्हते. ती पुटपुटली, "थोरल्या मानसाचं नाव कसं घिऊ? हौसाआत्या म्हनू?"

"नावच घे, पोरी. आत्या म्हनशील, तर नाव इसरून जाशील."

सून रांजणाच्या काठावर वाकली आणि म्हणाली, "हौसा, पानी घेते गं." वर्षभरात दुसऱ्या कुणाच्या तोंडून लिंबाजीने ते नाव पहिल्यांदा ऐकले. भर उन्हात, सगळ्या गावादेखत तो ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी त्याचे चाक फिरले नाही. तो कुठे गेला, किती जगला, हे कुणालाच सांगता येत नाही.

आता गावात नळ आले आहेत. पण आजही नवी सून घरात आली की पहिली घागर भरायला तिला झिऱ्यावर आणतात. ती वाकून हौसाला हाक मारते आणि घागर लगेच सोडत नाही. आतून कुणी "आणा" म्हणावे, एवढा वेळ थांबते. कुंभार लिंबाजी की निंबाजी, यावर पारावर आजही वाद होतो. हौसाच्या नावाबद्दल मात्र कुणाचे दुमत नाही.