पादुकांवर चाललेली करवत

एकदा एका वृद्ध हाडवैद्याने आपल्या दिवंगत गुरूंच्या पादुकांवर करवत चालवली. दचकलात ना? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही दचकलो होतो, आणि ही कथा सांगताना त्या वाक्यापाशी माझा आवाज आजही किंचित खाली येतो. पण हे घडलं ते भरदिवसा, माणसांच्या देखत, आणि करवत धरणाऱ्याचं डोकं पूर्ण ठिकाणावर होतं.

घाटाच्या पायथ्याशी या वैद्यांचा आश्रम होता. आश्रम म्हणजे तरी काय, शेणाने सारवलेली ओसरी, तेलाचे बुधले, बांबूच्या कांबट्यांची एक मोळी आणि आतल्या खोलीत देव्हारा. देव्हाऱ्यात मूर्ती नव्हती. तिथे वैद्यांच्या गुरूंच्या शिसवी खडावा ठेवलेल्या होत्या. वैद्यांचा शिष्य आठ वर्षं त्या पादुकांची पूजा करत होता. दर गुरुवारी पंचामृताचं स्नान, अष्टगंध, फुलं, आणि मग पंचक्रोशीतल्या लोकांसाठी दर्शन. लेप आणि बंध बांधणं त्याला चांगलं जमू लागलं होतं. पण आश्रमातलं तुझं मुख्य काम कोणतं, असं कुणी विचारलं असतं तर त्याने पादुकांची सेवा असंच उत्तर दिलं असतं. त्यात हसण्यासारखं काही नाही. श्रद्धा ही टिंगलीची वस्तू नव्हे.

एके सकाळी हौसाबाई नावाची सुईण काठीवर भार टाकत, एका टाचेवर चालत ओसरीपर्यंत आली आणि मटकन खाली बसली. उजव्या पायाचा अंगठा सुजून काळानिळा झाला होता.

"काय झालं गं?" वैद्यांनी विचारलं.

"पळत निघाले व्हते बाबा, दगडावर आपटले. अंगठा पार मागं वाकला. पाय टेकवत न्हाई, आन् मला आजच वरच्या वाडीला जायाचंय."

"आज कुठली जातेस? तीन आठवडे तरी लागतील."

"तीन आठवडं?" हौसाबाईचे डोळे विस्फारले. "वाडीत पहिलटकरीण हाय. मूल आडवं हाय पोटात. आजउद्या कळा लागतील, त्याच्या आत वळवाया पायजे. गेल्या साली तिची जाऊ अशीच गेली, मला पोचाया उशीर झाला व्हता. ही पोरगी बी जाईल वो!"

आणि ती रडू लागली. ती सांगत होती ते खरं होतं. वरच्या वाडीची वाट कातळात खोदलेल्या पायऱ्यांची. तिथे घोडं चढत नाही आणि डोली वळत नाही. पोटातलं मूल वळवू शकणारा दुसरा हात त्या डोंगरात नव्हता.

वैद्यांनी अंगठा हळूहळू चाचपला. "हाड शाबूत आहे, सांधा लचकलाय. चालताना हा अंगठा वाकला नाही, तर तू पोचशील. वाकला, तर दहाव्या पायरीवर बसशील." मग ते शिष्याकडे वळले. "हिच्या पायाला आधार शोध. लवकर."

शिष्याने आधी तिच्या वहाणा पाहिल्या आणि बाजूला ठेवल्या. त्यांच्यात अंगठा अडकवायचा चामड्याचा वेढा होता, तो नेमका दुखऱ्या सांध्यालाच ओढणार हे त्याच्या लक्षात आलं. हुशार होता तो. ओसरीवर एक कापडाचा व्यापारी खांद्याला तेल लावून घ्यायला आला होता. त्याने आपणहून पायातले मखमली जोडे काढले.

"हे घे बाई. आत कापूस भरलाय. पाय अगदी गादीवर ठेवल्यासारखा वाटेल."

शिष्याने जोड्यात हात घालून दाबून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. "गुरुजी, याहून मऊ काही सापडायचं नाही."

जोडा चढवताच हौसाबाईला बरं वाटलं. "लई ब्येस हाय," ती म्हणाली.

"एक पाऊल टाक," वैद्य म्हणाले.

तिने पाऊल टाकलं. टाच उचलली गेली, तळवा वाकला, तळव्याबरोबर अंगठाही वाकला, आणि अशी किंकाळी फुटली की झाडावरचे कावळे उडाले. शिष्याने धरलं म्हणून ती पडली नाही. वैद्यांनी जोडा दोन बोटांत धरून सहज दुमडून दाखवला आणि व्यापाऱ्याला नमस्कार करून परत दिला. शिष्याने अंगठ्याभोवती जाड कापड गुंडाळून पाहिलं. मग खाली बांबूची कांबट बांधून पाहिली. अंगाचा भार आला की कांबटही लवत होती. जाड फळी तासून पायाच्या मापाची करायला अर्धा दिवस गेला असता आणि ऊन तर वर चढत चाललं होतं.

वैद्यांनी एकदा सूर्याकडे पाहिलं. मग ते उठले, हातपाय धुतले आणि आतल्या खोलीत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पादुका होत्या, सकाळची फुलं अजून त्यांच्यावरच होती. त्यांनी फुलं उचलून बाजूला ठेवली आणि उपरण्याने अष्टगंध पुसलं.

"करवत आण," ते म्हणाले.

शिष्याला ऐकू आलं, पण अर्थ लागला नाही. शेवटी करवत त्यांनीच आणली. खडाव पायात धरून ठेवायची ती अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधल्या खुंटीने. हौसाबाईचा अंगठा ती खुंटी धरूच शकला नसता. म्हणून वैद्यांनी खडाव गुडघ्याखाली दाबली आणि खुंटीच्या बुडाशी करवत टेकवली.

"गुरुजी!" शिष्याने त्यांचं मनगट धरलं. "काय करताय हे? आधी माझ्या मानेवर चालवा ती करवत!"

"हात सोड."

"अहो, हा अधर्म आहे!" दुखरा खांदा विसरून व्यापारी ताडकन उभा राहिला. "तुमची बुद्धी फिरली आहे, वैद्यबुवा. पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नाही मी!"

करवत चालू राहिली. खुंटी तुटून ओसरीवर घरंगळत गेली आणि भिंतीला लागून थांबली.  शिष्याला वाटलं, एवढ्यावर हे संपलं. तोवर वैद्यांनी दुसरी खडाव पुढे ओढली.

"ती कशाला?" तो ओरडला. "दुखतो तो एकच पाय!"

"एक पाय चार बोटं उंच आणि दुसरा भुईवर, अशी घाट चढली तर हिची कंबर मोडेल," वैद्य म्हणाले, आणि दुसरी खुंटीही कापली.

मग त्यांनी लाकडाच्या कडांना भोकं पाडून सुती नाड्या ओवल्या, वर घोंगडीचा तुकडा घातला, आणि कातळावर घसरू नये म्हणून खाली जुन्या चामड्याची पट्टी ठोकली. दुखरा अंगठा शेजारच्या बोटाला बांधला. हौसाबाईने मात्र पाय मागे घेतला. 

"बाबा, ह्याच्यावर मी पाय ठिवू? माझ्या पोराबाळांना पाप लागंल."

"लागलं तर मला लागेल. पाय दे." तिच्यापुढे जमिनीवर बसून वैद्यांनीच नाड्या आवळल्या.

ती उभी राहिली. डोळे मिटून तिने पाऊल टाकलं. लाकूड वाकलं नाही, म्हणून अंगठाही वाकला नाही. गुरूंच्या चालण्याने खडावा पुढच्या बाजूला झिजून गोल झाल्या होत्या, त्यामुळे पाऊल त्या गोलाईवरून अलगद पुढे कलंडत होतं. हौसाबाईने आणखी एक पाऊल टाकलं, मग आणखी एक. मग काठी उचलून ती वाटेला लागली. व्यापारी तिच्याआधीच तावातावाने निघून गेला होता. तो पुढे कधी परत आला का, हे मला ठाऊक नाही, आणि कथा गोड व्हावी म्हणून मी त्याला परत आणणारही नाही.

शिष्य भिंतीकडे तोंड करून बसला होता. वैद्य त्याच्याजवळ जाऊन बसले. 

"तू मला वेडा समजतोयस," ते म्हणाले. "करवत लाकडाला लागली तेव्हा मलाही सोपं नव्हतं रे. ज्या पायांशी बसून मी शिकलो, ते पाय मला समोर दिसले. पण मला एक सांग, आधार शोधताना तू काय पाहिलंस? हाताला मऊ लागतं का, एवढंच. दुखावलेल्याला आपण मऊ वस्तू देतो, मऊ शब्द देतो, कारण ते देताना आपल्यालाच बरं वाटतं. लचकलेल्या सांध्याला असं काहीतरी लागतं, जे त्याच्या वतीने न वाकता उभं राहील. तसं लाकूड आपल्या घरात होतं. माझे गुरू ते पायात घालून रुग्णांच्या दारोदार हिंडले. आपण दोघांनी ते न्हाऊ घातलं, सजवलं, आणि ते पायात घालायचं असतं हे विसरलो. मीही विसरलो होतो. तिची किंकाळी ऐकून आठवलं."

"गुरुवारी लोक आले की काय सांगू?" शिष्याने विचारलं.

"घडलं ते सांग."

गुरुवारी लोक आले. देव्हारा रिकामा पाहून बायांनी तोंडाला पदर लावले, काहींनी वैद्यांना नाही नाही ते बोल लावले. शिष्याने मान खाली घालून घडलं ते सांगितलं. दुसऱ्या गुरुवारीही सांगितलं. तिसऱ्या खेपेला त्याची मान खाली नव्हती.

चौथ्या आठवड्यात हौसाबाई आली. अनवाणी, दोन्ही पाय सरळ टाकत. डोक्यावर धुतलेल्या लुगड्यात बांधलेल्या खडावा होत्या.

"पोरगी झाली," ती म्हणाली. "आई बी बरी, लेक बी बरी. आन् त्याच्यामागं आनखी दोन बाळंतपणं केली मी ह्याच्यावरच."

शिष्याने गाठोडं सोडलं. शिसवी लाकडावर ओरखडे पडले होते, भोकांत माती बसली होती, एक चामडी पट्टी निम्मी तुटून लोंबत होती. सवयीने तो खडावा घेऊन देव्हाऱ्यापर्यंत गेला. तिथे तो बराच वेळ उभा राहिला. मग परत बाहेर आला, ओसरीवर मांडी घालून बसला, तुटकी पट्टी ओढून काढली आणि नवं चामडं मापून ठोकू लागला.

"कुणासाठी रे?" वैद्यांनी विचारलं.

"अजून ठाऊक नाही, गुरुजी," तो म्हणाला, आणि पुढचा खिळा त्याने हातात घेतला.