अंगणातले शंभर कोस

"परवान्याशिवाय ही पालखी अंगणाबाहेर उडायची नाही! आणि शंभर कोस उडून दाखवल्याशिवाय परवाना मिळायचा नाही!"

राजा चंडसेनाने हुकूम सुनावला आणि रावजी तेल्याने कपाळाला हात लावला. घाणा बायकोच्या, भिवरेच्या, गळ्यात घालून हा बहाद्दर कित्येक वर्षं बांबू आणि रेशमी कापडाची उडती पालखी बनवत बसला होता. पायाने पंखे फिरवले की पालखी चक्क वर जायची! गावाने त्याला वेड्यात काढलं होतं. भिवरेनेही चारदा फैलावर घेतलं होतं. पण पालखी पहिल्यांदा जमिनीपासून सुटली, तेव्हा आनंदाने रडली तीच.

"महाराज, अंगण न सोडता शंभर कोस उडायचं तरी कसं?" रावजी काकुळतीला आला.

"ते मला काय विचारतोस? शेजारच्या दोन राज्यांशी मिळून केलेला नियम आहे, काना-मात्रा बदलणार नाही! पौर्णिमेपर्यंत जमलं नाही, तर पालखी मुदपाकखान्याच्या चुलीत!"

दुसऱ्याच दिवशी तिन्ही राज्यांचे परीक्षक भिवरेच्या ओसरीवर येऊन बसले आणि आल्या आल्या भांडू लागले.

"गाईचं हंबरणं ऐकू येतं तिथवर आमचा एक कोस!" पहिला म्हणाला.

"छे! ओली डहाळी तोडून चालायला लागावं, पानं सुकली की एक कोस!" दुसरा म्हणाला.

"आमच्याकडे दोरीने मोजतात," तिसऱ्याने नाक मुरडलं. "तुमच्याकडच्या गाई घसा बसलेल्या असल्या तर?"

रावजी रडकुंडीला आला. भिवरा मात्र घाण्याशी उभी राहून बैलाला हाकत होती. "चल रे ढवळ्या, चल..." म्हणता म्हणता ती थबकली. गोल गोल फिरणाऱ्या बैलाकडे तिने नीट पाहिलं आणि पदराआड खुदकन हसली.

"अहो, रडणं पुरे! एक खांब रोवा अंगणात. आणि पाहुणे हो, तुमच्यात ज्याचा कोस सगळ्यांत लांब, तोच धरा. बाकीच्यांचे त्याच्या पोटात मावतील!"

डहाळीवाल्याची छाती फुगली. दोरीवाल्याने कुरकुरतच तो कोस मोजून त्याच्या फेऱ्या ठरवल्या.

खांबावर फिरती कडी बसवली, कडीला दोर बांधला आणि दोराला पालखी. निघाली स्वारी! कधी रावजी पंखे फिरवी, कधी कासोटा खोचून भिवरा. दर फेरीला परीक्षक मडक्यात एक चिंचोका टाकत. मडकी भरत गेली, दिवस सरत गेले. पालखीबरोबर माना फिरवून फिरवून तिन्ही परीक्षकांना ओसरीवरच भोवळ यायला लागली.

पौर्णिमेला राजा आला. मागे मुदपाकखान्याचा आचारी कुऱ्हाड घेऊन उभा होता.

"शंभर कोस पुरे झाले, महाराज!" परीक्षक एका सुरात म्हणाले. आल्यापासून त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

राजाने दोराकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं आणि तो कडाडला, "ही फसवणूक आहे! पालखी होती तिथेच आहे. ती गेली कुठे?"

भिवरेने हात जोडले. "महाराज, माझा ढवळ्या पहाटेपासून चालतो. तो तरी कुठे जातो? पण त्याने काढलेलं तेल रोज तुमच्या महालातल्या समयांत जळतं. तो चाललाच नाही म्हणता, तर इतकी वर्षं महाल उजळला कशाने?"

राजा असा खदखदून हसला, की मुकुट घसरून कानावर आला!

"हरलो, बाई! परवाना दिला! आता काय हवं ते माग!"

"नुसत्या परवान्याने काय होतंय, सरकार? उडालेली पालखी उतरायला नको? सुगी संपली की गावोगावची खळी मोकळीच पडलेली असतात. तेवढी सारवून तयार ठेवायला सांगा."

"ठेवतो! आणि तुझ्यासाठी?"

"ढवळ्याला एक जोडीदार द्या. आमचे हे आता काही घाण्याकडे फिरकत नाहीत!"

राजा पुन्हा पोट धरून हसला. त्याच संध्याकाळी सोन्याच्या पाटल्यांची जोडी आणि एक उमदा बैल भिवरेच्या दारात पोहोचले. दुसऱ्या दिवशी दोर सोडला आणि पालखी कुंपणावरून भुर्रकन निघाली. आत डोळे गच्च मिटून खुद्द महाराज बसले होते!