सत्काराचं राज्य

फार पूर्वी एक राज्य होतं. तिथल्या राजाला लोकांच्या तक्रारी ऐकायचा कंटाळा नव्हता, उलट हौस होती. दरबारात कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं की त्याला बसायला पाट मिळे, गूळपाणी मिळे आणि आठ दिवसांच्या आत त्याच्या गावात मांडव घालून त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होई. ‘जागरूक प्रजाजन’ म्हणून. राज्यात किती सत्कार झाले हे राजा दर महिन्याला मोजून घेई आणि आपली प्रजा सुखी आहे, असं समजून झोपी जाई.

काम मात्र होत नसे. पण सत्कार झालेला माणूस पुन्हा दरबारात जात नसे. ज्यांनी चार लोकांसमोर खांद्यावर शाल घातली, त्यांच्याकडेच पुन्हा बोट दाखवून कसं बोलायचं, असं ज्याला त्याला वाटे. माणसं भिडस्त होती. आपल्या भिडस्तपणाला ती चांगुलपणा म्हणत.

या राज्यात नदीकाठी एक गाव होतं. तिथल्या शाळेचं छप्पर गळे. मास्तर दरबारात जाऊन आले. आता मास्तरांच्या घरी शाल होती आणि मुलं गळक्या छपराखाली पाढे म्हणत. विहिरीचा काठ ढासळला, तेव्हा तेली जाऊन आला. त्याच्याही खुंटीवर शाल आली. पाटलांच्या घरी तर तीन शाली होत्या आणि पाहुणे आले की पाटील त्या तिन्ही दाखवत.

त्या गावात भिमाक्का नावाची सुईण राहायची. नदीच्या अलीकडची आणि पलीकडची, दोन्हीकडची बाळंतपणं तीच करायची. दोन काठांना जोडणारा एकच लाकडी पूल होता. त्याच्या फळ्या कुजल्या होत्या, एक खांब कलला होता. गावकऱ्यांनी तो स्वतःच दुरुस्त केला असता, पण जंगल राजाचं होतं आणि हुकमाशिवाय एक खोड तोडलं तरी कोठडी होती.

भिमाक्काची एकुलती एक लेक, धुरपा, पलीकडच्या काठावर नांदत होती. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. दुसरं सासरी व्हायचं होतं, श्रावणात, म्हणजे नेमकं नदी भरलेली असताना. पहिल्या खेपेला मूल गेलं होतं आणि धुरपा मरता मरता वाचली होती. या खेपेला आपण जवळ नसलो तर काय होईल, हे भिमाक्काला कुणी सांगायला नको होतं.

म्हणून चैत्रातच ती दरबारात गेली. कारभाऱ्याने तिचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. पूल कुजला आहे हे त्याने लगेच कबूल केलं. तिच्यासारखी माणसं आहेत म्हणून राज्य टिकून आहे, असंही म्हणाला. आठव्या दिवशी गावात मांडव पडला.

ढोल वाजले, पाटलांचं भाषण झालं, कारभाऱ्याने शाल उलगडली. भिमाक्का पायऱ्या चढून वर गेली, पण तिने मान पुढे केली नाही.

“शाल नको,” ती म्हणाली. “पूल द्या.”

कारभारी हसला. अशी माणसं त्याने पाहिली नसतील असं नाही. “बाई, आधी सत्कार, मग काम. आपल्याकडे अशीच रीत आहे.”

“मग काम झाल्यावर घेते की.”

एवढं बोलून ती खाली उतरली आणि घरी निघून गेली. मांडवात सगळे एकमेकांकडे बघू लागले. दरबार आपल्या दारात आला आणि या बाईने आपलं नाक कापलं, असं सगळ्यांना झालं. शेवटी पाटील लगबगीने उठले. बाईमाणूस आहे, तिला रीतभात कळत नाही, असं म्हणत त्यांनी हात जोडले आणि तिच्या वतीने शाल स्वतःच्या खांद्यावर घेतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुटल्यासारखं वाटलं त्यांना. कारकुनाने वही काढली आणि पुलाची तक्रार निकाली निघाल्याचं लिहून टाकलं.

पुढचे तीन-चार महिने गावाने भिमाक्काशी बोलणं टाकलं. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावलं नाही, पाणवठ्यावर बायका तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. घरात कुणी अडलं, तर मात्र तिला हाक मारायला कुणी विसरलं नाही. ती गेली नाही असंही झालं नाही. दरबारात ती आणखी दोनदा जाऊन आली. कारकुनाने दोन्ही वेळा वही उघडून दाखवली आणि तुमचं काम तर झालंय, असं सांगितलं.

श्रावणात नदी भरली. अलीकडेही दोघींचे दिवस भरत आले होते, म्हणून भिमाक्काला आधीच पलीकडे जाऊन राहता आलं नव्हतं. एके दिवशी सकाळी पलीकडच्या काठावरून जावयाच्या हाका ऐकू आल्या. धुरपाला कळा सुरू झाल्या होत्या आणि मूल आडवं होतं. भिमाक्का धावत नदीवर आली. पूल नव्हता. पहाटेच्या लोंढ्यात तो गेला होता. पाण्यात फक्त कललेला खांब उभा होता. नावाडी म्हणाला, या पाण्यात नाव घातली तर दोघंही बुडू.

मग ती काठावर उभी राहून ओरडून सांगू लागली. पाण्याच्या आवाजात तुटक शब्दांपलीकडे काही पोचत नव्हतं. तिने हातांनी दाखवायला सुरुवात केली. पोट कुठे धरायचं, मूल कसं फिरवायचं, केव्हा थांबायचं. पलीकडच्या दोन बायका डोळे ताणून बघत, घरी पळत आणि पुन्हा काठावर येत. भिमाक्का पुन्हा सगळं पहिल्यापासून हवेत करून दाखवी. तिच्या पाठीमागे सगळं गाव येऊन उभं राहिलं होतं आणि कुणाच्याही हातून काही होण्यासारखं नव्हतं.

दुपार झाली. त्या बायका पुन्हा आल्या नाहीत. जावई आला आणि चिखलात खाली बसला. धुरपा गेली होती, मूलही गेलं होतं. भिमाक्काचे हात तसेच वर राहिले.

पाटील पुढे आले. “आक्का, नशीब म्हणायचं,” ते म्हणाले.

“नशीब न्हवतं, पाटील,” ती म्हणाली. “कुजलेली फळी हुती. तुमास्नी बी ठावं हुतं.”

त्या दिवशी कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. आपण काय केलं ते सगळ्यांना कळलं, आणि ते फार उशिरा कळलं.

पंधरा दिवसांनी कारभारी पुन्हा मांडव घालायला आला. दुःखातही धीर न सोडणारी माता म्हणून भिमाक्काचा विशेष सत्कार होता. या वेळची शाल जरीकाठी होती. तिचं नाव पुकारलं गेलं. ती बसल्या जागेवरून हलली नाही. कारभारी मुरलेला होता. तो पाटलांकडे वळला आणि बाईंच्या वतीने आपणच घ्या, असं म्हणाला.

पाटील उठले, वर गेले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

“मागल्या खेपेला मी घेतली, त्ये माझं पाप,” ते म्हणाले. “आज मी घ्येनार न्हाई.”

कारभाऱ्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी हात मागे घेतले. तेल्याने घेतले. मागून पुढून सगळ्या मांडवाने घेतले. कारभारी शाल धरून उभा राहिला आणि त्याला ती कुठे ठेवावी हे कळेना. हा महाराजांचा अपमान आहे, असं त्याने दरडावून सांगितलं.

“लिवा तसं,” पाटील म्हणाले. “खाली पूल बी लिवा.”

कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी दगड उचलला नाही. कारभाऱ्याची गाडी जिथे उभी होती, त्या वाटेवर सगळं गाव बायकापोरांसह बसून राहिलं. त्याला जेवायला दिलं, स्वतः खात होते तेच दिलं. चौथ्या दिवशी त्याने लाकूडतोडीचा हुकूम लिहून दिला आणि मगच त्याची गाडी हलली.

ही बातमी गावोगावी गेली. पुढच्या गावाने शाल घेतली नाही, त्याच्या पुढच्यानेही घेतली नाही. त्या महिन्यात राजाने सत्कार मोजायला घेतले, तर एकही भरेना. तो आधी चिडला, मग घाबरला आणि शेवटी लोकांना नक्की काय हवंय ते त्याने विचारलं. राजा सुधारला, असं कुणी समजू नये. त्याला दुसरी वाट उरली नाही, इतकंच. पण शाळांवर छपरं चढली, विहिरींचे काठ बांधून झाले. ते राज्य हळूहळू उभं राहू लागलं.

दसऱ्याला नवा पूल झाला. पहिलं पाऊल भिमाक्काने टाकावं, असं गावाने ठरवलं. तिने नकार दिला. “आता पल्याड माजं कोन हाय?” असं तिने विचारलं.

तीन दिवसांनी पलीकडची एक लेकुरवाळी अडली, तेव्हा मात्र ती कुणी न सांगता उठली आणि पुलावरून गेली. मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या. परत आल्यावर तिने पाटलांना एवढंच सांगितलं, की पूल ओलांडायला पान चघळण्याइतकाही वेळ लागला नाही.

तात्पर्य एवढंच: मागितलेलं काम न करता जो दरबार आपला सत्कार करतो, त्याचा सत्कार घेऊ नये. घेतला, तर त्या न झालेल्या कामाचं पाप आपल्याही माथी येतं, आणि ते फेडायला मात्र दुसऱ्याच कुणाची लेक जाते.