मिठाच्या मोदकाची वजाबाकी

लेकीची गणिताची भीती जावी म्हणून यमुताईंनी मिठाची संकष्टी धरली होती. वीस मोदक गोड, एक मिठाचा. न बघता खायचे आणि मिठाचा लागला की हात थांबवायचा. उपास सोडताना चौथाच मिठाचा निघाला, तेव्हा शाल्मली शेजारीच गृहपाठ करत होती.

निवृत्त हेडमास्तर दिगंबरभाऊजींनी ताट पाहून विचारलं, "एकवीसपैकी चार खाल्ले. आईने अजून किती खायचे?"

शाल्मलीने वहीत शून्य लिहिलं.

"सतरा, ढब्बू!" भाऊजींनी फुली मारली. "वहिनी, हिला पुन्हा दुसरीत बसवा."

पोरीचे डोळे भरले. यमुताई हसल्या. "उरले सतराच, भाऊजी. पण मी खायचे किती? चौथा मिठाचा लागला. तुमच्या वजाबाकीपायी बाप्पाचं व्रत मोडू का?"

भाऊजींनी फुली स्वतःच खोडली.

बायांनो, लेकराचं उत्तर खोडण्याआधी "कसं काढलंस, बाळा?" एवढं तुम्हीही विचारा.