दरबाराने न मानलेला समुद्र

दर्यापारच्या काळवे बेटावर दिवाणसाहेब नवा हुकूम घेऊन आले. किनाऱ्यालगत खडक फार, म्हणून त्यांचं गलबत कोसभर लांब नांगरलं आणि चांगुणा तांडेलिणीने त्यांना आपल्या होडीतून बेटावर आणलं.

हुकूम असा, की राजधानीत येऊन परवाना घेतल्याशिवाय कुणीही होडी पाण्यात घालायची नाही.

चांगुणाने विचारलं, "पण साहेब, राजधानीला यायचं तरी होडीतूनच ना? आणि मासेमारी थांबली तर बेटाने खायचं काय?"

दिवाणसाहेबांनी मिशीवर हात फिरवला. "जो कायदा राजधानीला, तोच बेटाला. मधला समुद्र दरबार मानत नाही!"

चांगुणाने त्यांना शहाळं फोडून दिलं. ते पिऊन दिवाणसाहेब परत निघाले, तर तिची होडी वाळूत पालथी घातलेली.

"होडी काढ!" ते गरजले.

"परवाना कुठाय, साहेब? आणि होडी हवीच कशाला? मधे समुद्र नाहीच म्हणता, तर चालत जा की!"

भरतीचं पाणी जोड्यांत शिरलं, तेव्हा दिवाणसाहेबांनी गुडघ्यावर कागद धरून लिहून दिलं, की बेटाचे कायदे यापुढे बेटकऱ्यांना विचारूनच होतील.

शिक्का उमटल्यावर चांगुणाने होडी सुलटी केली.

"बसा साहेब," ती म्हणाली, "आता समुद्र आहे."